बाजारपेठेतल्या भिंतीवर म्युरल करून घ्यायचंय?
आधी भिंत कोणाची ते बघा, मालकाची लेखी परवानगी घ्या आणि महापालिकेतही विचारून ठेवा. भिंतीत ओल असेल तर कितीही भारी कलाकार आणा, रंगाचे पोपडे निघणारच, म्हणून गळती आधी दुरुस्त करा, काम पावसाळ्यानंतरच लावा. स्केचचे पैसे वेगळे द्या प्लीज, फुकट डिझाइन मागणं चुकीचंच. स्केच समोरच्या दुकानदारांनाही दाखवा. करारात परांची, विमा, हप्ते, देखभाल सगळं लिहा, आणि पुढे भिंत पाडायची झाली तर काय तेही, कारण दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं म्युरल १९७९ मध्ये काढून टाकलं आणि शेवटी २००५ मध्ये हायकोर्टाने सरकारला ते परत करायला लावलं, वर ५ लाख भरपाईसुद्धा.