पोट न फाडता गाठ काढायची आहे, तर घरून निघण्याआधी

जठरातली किंवा मोठ्या आतड्यातली सुरुवातीची गाठ, कॅन्सरची किंवा तशी शंका असलेली, दुर्बिणीतून आणि कधी रोबोटच्या मदतीने काढायची असेल, तर त्याची ही तयारी. सगळ्यात आधी तपासणीला काढलेल्या तुकड्याचा ठोकळा ताब्यात घ्या. दुर्बिणीतून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीवाले मेणात बसवतात, त्याचे पातळ काप काचेवर घेतात आणि ते बघून रिपोर्ट लिहितात. आपण घरी आणतो तो फक्त कागद. मोठ्या दवाखान्याला काच आणि ठोकळा, दोन्ही पुन्हा तपासायचे असतात, कारण गाठ वरच्या थरातच आहे की खाली उतरली आहे यावर पुढचं सारं ठरतं. माझ्या बाबांच्या वेळी आम्ही नुसता कागद घेऊन पांढरकवड्याहून नागपूर गाठलं आणि ठोकळ्यासाठी परत आलो. ऐन कापूस वेचणीत आठ दिवस गेले. ठोकळा आगपेटीपेक्षाही लहान असतो. डबीत कापूस घालून त्यात ठेवा आणि उन्हापासून जपा, मेण आहे ते.

मग डॉक्टरांना नीट विचारून घ्या की रोबोट म्हणजे नेमका कोणता. बाबांचा पहिला प्रश्न होता, "पोट फाडत नाई ना?" तो प्रश्न योग्यच होता, कारण रोबोटची शस्त्रक्रिया म्हणून जी जास्त ऐकायला येते, तिच्यात पोटाला छोटी छिद्रं पाडून आत जातात. ही वेगळी. हिच्यात दुर्बीण तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून जाते, बाहेर टाका नाही. गाठीच्या खाली निळा रंग मिसळलेलं द्रव टोचतात, त्याने वरचा थर फुगून उचलला जातो, आणि त्या निळ्या थरातून कापत गाठ अखंड सोडवतात. ही पद्धत जपानमध्ये १९९० च्या दशकात घडली. तिची अडचण अशी की दुर्बिणीतून एकच अवजार चालतं, म्हणजे कापणारा हात आहे पण धरणारा नाही. पोत्याची शिवण उसवताना एका हाताने कापड ताणून धरलं तरच दुसऱ्या हातातली ब्लेड सरळ चालते, तसंच हे. रोबोट तो दुसरा हात देतो. एक बारीक चिमटा थर उचलून धरतो, दुसरा कापतो, आणि दोन्ही चालवतात डॉक्टरच. यंत्र आपल्या मनाने काही करत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगा. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात तयार झालेल्या 'मास्टर' नावाच्या यंत्राने पहिल्या ५ रुग्णांच्या जठरातल्या सुरुवातीच्या गाठी काढल्या, त्या भारतात आणि हाँगकाँगमध्ये. ती माहिती २०१२ मध्ये छापून आली.

बाबांची गाठ डॉक्टरांनी हातानेच काढली आणि ती व्यवस्थित निघाली. तेव्हा तुमच्याकडे हाताने होणार की यंत्राने, यंत्राने तर का, हे संशोधनाचा भाग आहे का, याआधी किती केल्या, आतड्याला भोक पडलं तर क्लिप लावून बंद करता येईल का आणि नाही झालं तर सर्जन त्याच दवाखान्यात आहे का, हे सगळं वहीत लिहून न्या. संशोधन असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे, आणि नाही म्हटलं म्हणून उपचार थांबत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा. सही करण्याआधी घरातल्या एकाने ते मोठ्याने वाचावं. हाताने असो की यंत्राने, तयारी जवळपास सारखीच.

गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी न्या, रिकाम्या पट्ट्यांसकट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, यातली कोणती किती दिवस आधी थांबवायची याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं आहे. चालू ठेवली तर रक्तस्राव, मनाने थांबवली तर ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याच्या जिवाला धोका. गल्लीतल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. साखरेच्या गोळ्यांचं उपाशी दिवशी काय करायचं तेही विचारा. वैदूचा काढा घेत असाल तर लाजू नका, सांगा. आतड्याची तपासणी असेल तर लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, त्या शौच काळी आणि चिकट करतात.

खर्ऱ्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे. आपल्याकडे घरोघर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेली पुडी, आहे, आणि वर्षानुवर्षं तो खाणाऱ्याचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण गाठ जठरात असेल तर दुर्बीण तोंडातूनच जायची आहे आणि भूल देणाऱ्याला नळीही तिथूनच घालायची आहे. ही गोष्ट टेबलावर कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेली बरी. आणि तारीख मिळाली त्या दिवसापासून खर्रा, बिडी बंद. बाबांनी पुडी सुनेच्या हाती दिली होती, चुलीत टाकायला.

गाठ मोठ्या आतड्यात असेल तर शेवटच्या तीन दिवसांचं जेवण बदलतं. ज्वारीची भाकर, अंबाडी, तुरीचे सोले, जवसाची चटणी, पेरू, संत्र्याच्या फोडी, टमाटे, सगळं बंद. मऊ भात, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, साल काढलेला बटाटा, ताक चालतं. आदल्या दिवशी फक्त पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. त्या दिवशी एसटीत बसू नका. पोट साफ करायचं औषध सुरू झालं की संडास दहा पावलांवर हवा, म्हणून आदली रात्र दवाखान्याजवळच्या खोलीत काढा. औषध बहुधा अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे घ्यायला देतात. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर कोणतं द्यायचं ते आधी ठरवून घ्या. माय खिडकीच्या चौकटीवर तुरीचे दाणे मांडून बसली होती, एक पेला संपला की एक दाणा उचलायची. शेवटी फक्त पिवळसर, स्वच्छ पाणी पडलं पाहिजे, गाळ दिसला तर नर्सला सांगा.

कागदांत आधार आणि रेशनकार्ड, दोन्हींवरचं नाव एकसारखं आहे ना ते आत्ताच बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ही प्रक्रिया, त्यातही यंत्राने केलेली, कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते आरोग्यमित्राकडून, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून, लेखी घ्या. मुंबईला जायचं असेल तर डॉक्टरांकडून रेल्वे सवलतीचा दाखला भरून घ्या. स्लीपरमध्ये कॅन्सरच्या रुग्णाचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते.

आता परतीचं. गाठ काढलेल्या जागी आत जखम राहते आणि दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त सुटू शकतं. आम्ही पाच दिवस खोली सोडली नाही. पहिले काही दिवस पातळ, मग मऊ अन्न. जठराची असेल तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत. दोन आठवडे वावरात जाऊ नये, फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये, कापसाचं गाठोडं उचलू नये. डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, ताप, पोट दगडासारखं घट्ट होणं, घेरी येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ लावा आणि डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्या खिशातच असू द्या.

अखंड काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. त्यात कडा स्वच्छ आहेत का, पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत, रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरल्या का आणि किती खोल गेल्या, हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. जपानी निकषांत खालच्या थरातली खोली जठरासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आणि मोठ्या आतड्यासाठी एक मिलिमीटरच्या आत असावी लागते. त्यापुढे गेली असेल तर मोठी शस्त्रक्रिया सांगतील, आणि ती मानायला मन तयार ठेवा. बाबांची खोली आतच निघाली. पुढच्या दुर्बिणीची तारीख मायने कॅलेंडरवर हळदीच्या बोटाने टिपली, पोळ्याच्या चौकोनाशेजारी.