स्कोप की सप्रेसर? सीझनआधीची तयारी आणि मी विसरलेली एक गोष्ट

गेल्या सीझनला माझ्या रायफलीनं एका नर हरणाच्या छातीखालचे मूठभर पांढरे केस कापले. तेवढीच माझी शिकार. अंतर १७० यार्ड, हरीण आडवं उभं, वारा नाही, रायफल झाडाच्या फांदीवर टेकवलेली. दोन तास खाली मान घालून रक्ताचा थेंब शोधला. नव्हता, हे नशीब म्हणायचं, कारण गोळी आणखी दोन इंच वर लागली असती तर ते जनावर जखमी होऊन कुठेतरी जाऊन मेलं असतं. कारण अगदी साधं होतं. रायफल सप्टेंबरात झिरो केली, म्हणजे वरची दुर्बीण (स्कोप) अशी जुळवली की नेम धरला तिथेच गोळी लागावी. सप्रेसरची, म्हणजे आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याची, सरकारी मंजुरी नोव्हेंबरात आली. सीझन उघडायच्या आदल्या रात्री मी तो गॅरेजमध्ये बसून नळीवर चढवला आणि सकाळी जंगलात गेलो. मध्ये एकही गोळी झाडून पाहिली नाही.

म्हणून ही यादी, सीझनआधी स्कोप आणि सप्रेसर यांतलं एकच काहीतरी घ्यायचं असेल त्यांच्यासाठी. स्कोप घ्या, सप्रेसर घ्या, काहीही घ्या, पण ज्या अवस्थेत रायफल जंगलात नेणार, त्याच अवस्थेत ती पुन्हा झिरो करा. हे मी अजून बऱ्याचदा सांगणार आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेत रीतसर लायसन काढून जाणाऱ्यांसाठी, आणि मी पेनसिल्व्हेनियात असल्यामुळे इथल्या हिशेबानं. लायसन, सेफ्टीचा कोर्स, केशरी जाकीट हे सगळं केलं असेलच. पुढे.

उन्हाळ्यातच पहिलं काम करा: आता जो स्कोप आहे त्याची परीक्षा घ्या. पैसे खर्च करायच्या आधी. इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत हरणावर गोळी झाडता येते, तर नेमक्या त्या वेळी रेंजवर किंवा परवानगी असलेल्या शेताच्या कडेला उभे राहा आणि दीडशे यार्डांवरच्या झाडीत काय दिसतं ते बघा. आमच्याकडे नराच्या शिंगांना किती टोकं हवीत याचाही नियम आहे, तेव्हा 'काहीतरी तपकिरी हललं' एवढं दिसून भागत नाही. दिसत नसेल तर लगेच दुकानात धावू नका, आधी झूमची कडी फिरवा. ३-९×४० चा स्कोप (तीन ते नऊपट झूम, पुढचं भिंग चाळीस मिलिमीटर) नऊवर ठेवला तर डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम साडेचार मिलिमीटरचा असतो, चाळीस भागिले नऊ. तोच पाचवर आणला की आठ मिलिमीटर. अर्ध्या लोकांची तक्रार इथेच मिटते. मोठ्या छप्पन्न मिलिमीटरच्या भिंगाच्या नादी लागू नका. वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, जादा प्रकाश बाहेरच सांडतो. महाग स्कोपमध्ये पैसे खरे जातात ते भिंगाच्या लेपात आणि आतल्या यंत्रणेत.

यंत्रणेचीही परीक्षा घ्या. तीन गोळ्या झाडा, स्कोपचा नेम हलवणारी चकती वीस क्लिक वर न्या, तीन झाडा, वीस क्लिक खाली या, पुन्हा तीन. शेवटच्या तीन पहिल्या तिघींच्या घरात आल्या नाहीत तर विषय संपला, स्कोप घ्या. नेम न धरणाऱ्या रायफलीवर सप्रेसर लावला तर ती फक्त हळू आवाजात चुकते.

स्कोप पास झाला तर माझं मत सप्रेसरच्या बाजूनं. सिनेमातलं ते 'फुस्स' विसरा. .३०८ कॅलिबरच्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या वर जातो, सप्रेसर त्यातले पंचवीस-तीस कमी करतो, आणि एका धमाक्यासाठी धोक्याची रेघ मानतात ती १४० ची. म्हणजे रेघेच्या आसपास येता, बस्स. गोळी आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेगानं जाते, तो तडाखा तर कुठलाही सप्रेसर थांबवत नाही. रेंजवर कानात बोळे घालाच. पण जंगलात कोणी कान बंद करून बसत नाही, पाचोळ्यातली पावलं ऐकायची असतात, आणि तिथेच हे नळकांडं उपयोगी पडतं. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. माझ्या डाव्या कानात रातकिडे कायमचे मुक्कामाला आलेत, त्यामुळे या बाबतीत मी तटस्थ नाही. शिवाय धक्का कमी बसतो, आणि ट्रिगर ओढताना डोळे मिटायची सवय सुटते. ती सवय चुकवते तेवढं साधा स्कोप चुकवत नाही.

दोन्ही स्वस्तातले घेऊन समेट करू नका. एक घ्या, नीट घ्या, आणि उरलेल्या पैशांतून गोळ्या घ्या. चाळीसेक तरी. कशासाठी? झिरो करायला.

सप्रेसर घ्यायचा ठरला तर कागद उन्हाळ्यातच सुरू करा. १९३४ च्या कायद्यानं यावर दोनशे डॉलरचा कर होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय. कर गेला, कागद गेलेले नाहीत. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, तपासणी सगळं तसंच आहे. मंजुरी कधी काही दिवसांत येते, कधी महिने लागतात, आणि तोवर वस्तू डीलरकडेच राहते. माझी नोव्हेंबरात आली, पुढचं सांगितलंच आहे. तुमच्या नावावर नोंदलेला सप्रेसर मित्राला 'शनिवार-रविवार वापर' म्हणून देता येत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय इथे तर सामान्य माणसाला तो ठेवताच येत नाही. म्हणजे आपली निम्मी मराठी मंडळी बादच. माझा एक मित्र डेलावेअर नदीच्या पलीकडे, बंदी असलेल्या राज्यात राहतो, त्याच्याकडे जाताना हा डिकीत राहून जाणार नाही याची मला दर वेळी खात्री करावी लागते.

नळीच्या टोकाला आटे आहेत का बघा. .३०८ सारख्या रायफलीला बहुधा ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला चोवीस आटे) असतात. नसतील तर गनस्मिथकडून पाडून घ्यावे लागतात, तिथे आठवडे जातात. आटे नळीच्या छिद्राशी सरळ रेषेत आहेत ना, हे सळई घालून तपासून घ्या, कारण गोळी आतल्या पडद्यांना नुसती घासली तरी सप्रेसर गेला. मोठ्या कॅलिबरचा सप्रेसर लहानावर बहुधा चालतो. उलटं कधीही नाही, गंमत म्हणूनही नाही. लांबी सहा-आठ इंच वाढते, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मचाणावर ते जाणवतं.

स्कोप बसवताना स्क्रूंवरचं तेल पुसा आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) वापरा. स्कोप धरणाऱ्या कड्यांना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, पण बनवणाऱ्यानं दिलेला आकडा खरा. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्यांचे स्कोप सरकलेले मी पाहिलेत. डोळ्याचं अंतर जाड हिवाळी जाकीट घालून ठरवा, टी-शर्टवर नाही, नाहीतर धक्क्यानं स्कोप आपटून भुवईवर चंद्रकोर उमटते. दुकानात बोअरसाइट करून (गोळी न झाडता स्कोप नळीशी ढोबळ जुळवून) दिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की गोळी कागदावर कुठेतरी लागेल. तो झिरो नव्हे.

आता झिरो. बारीक नळीच्या टोकाला अर्धा किलो लटकला की ती गोळी सुटताना वेगळी थरथरते, आणि गोळी वेगळ्या जागी जाते. बहुतेकदा खाली, पण तेही सांगता येत नाही. सप्रेसर दर वेळी तसाच घट्ट बसला तर फरकही दर वेळी तोच येतो, म्हणून तो मोजता येतो. मोजा. शंभर यार्डांवर तीन गोळ्या सप्रेसरशिवाय, तीन त्याच्यासकट, फरक लिहून ठेवा, मग सप्रेसरसकट झिरो करा. माझा फरक चार इंच खाली निघाला, सीझन संपल्यावर. पाव एमओएच्या स्कोपवर (एका क्लिकला शंभर यार्डांवर साधारण पाव इंच) ते सोळा क्लिक. सोळा टिचक्या, एवढंच काम होतं!

गोळी तीच, वजन तेच: दीडशे ग्रेनच्या (गोळीच्या वजनाचं माप) गोळीवर झिरो करून एकशे पासष्टची नेऊ नका. नळी गार होऊ द्या, जंगलातली पहिली गोळी गार नळीतूनच जाते. सप्रेसर तापला की स्कोपसमोर हवा लहरायला लागते, तेव्हा थांबा. साफसफाईला सप्रेसर काढला? परत लावून एक गोळी. स्कोपचा स्क्रू आवळला? झिरो. रायफल पडली? झिरो. 'काही फरक पडत नाही रे' असं कोणी म्हणालं? तरीही झिरो. हे ऑक्टोबरात उरका, शेवटच्या आठवड्यात रेंजवर जागा मिळत नाही.

आदल्या रात्री सुरी, मारलेल्या हरणाला लावायचा टॅग, बॅटरी, पाणी. रायफलीचं काहीही उघडायचं नाही, चढवायचं नाही, बदलायचं नाही. सकाळी रायफल भरायच्या आधी सप्रेसर हातानं घट्ट आहे ना बघा, झूम चारवर ठेवा, निघा. झिरो झाल्याचा तो भोकं पडलेला कागद, तारीख घालून, रायफलीच्या पिशवीत ठेवा. निघताना पिशवीत हात घालून बघा, आणि कागद नसेल तर रायफल घरी ठेवून या.