नीलगिरीखाली काही उगवत नाही? आधी वाटीत तपासा

इंदूरच्या बंगल्यांत नीलगिरी किंवा सुबाभळीखालचा वाफा रिकामा राहिला की दोष झाडाच्या 'विषा'ला दिला जातो. असं विष असतं, हे खरं. एका झाडातल्या द्रव्यांचा दुसऱ्या झाडांच्या वाढीवर जो परिणाम होतो, त्याला १९३७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी ॲलिलोपॅथी हे नाव दिलं. काळ्या अक्रोडातलं जुग्लोन हे द्रव्य त्याचं ठळक उदाहरण. पण सावली आणि तहानलेली मुळंही वाफा तितकाच उजाड करतात. म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी ही चाचणी कराच.

झाडाखालची वाळकी पानं चुरून १० ग्रॅम घ्या, १०० मिली पाण्यात २४ तास भिजवून फडक्यातून गाळा. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर ते आंबतं, आणि मग बी पानांमुळे नाही, आंबल्यामुळे मरतं.

तीन वाट्यांत टिश्यूपेपरची दुहेरी घडी घाला. पहिलीत साधं पाणी, दुसरीत अर्क, तिसरीत एक भाग अर्क आणि तीन भाग पाणी, प्रत्येकी एक छोटा चमचा (५ मिली). प्रत्येक वाटीत वर मोहरीचे २० दाणे पसरा. मोहरी स्वयंपाकघरातली घ्या. पेरणीच्या बियांना अनेकदा बुरशीनाशकाचा रंगीत लेप असतो. वाट्या झाकून अंधारात ठेवा.

पाचव्या दिवशी नुसतं किती उगवले ते मोजू नका, पट्टीने मूळ मोजा. बरेचदा कोंब येतो, पण मूळ आखूड राहतं आणि टोक तपकिरी पडतं. दाट अर्क कुठल्याही पानाचा असला तरी बी रोखू शकतो, त्यामुळे निकाल पातळ अर्काच्या वाटीवरून ठरवा.

तिथेही मूळ खुंटलं तर कुंडीत खात्री करा, कारण माळव्याची काळी माती आणि तिच्यातले जिवाणू पानांतली बरीच द्रव्यं धरून ठेवतात, मोडतात. एका कुंडीत किलोभर मातीत २० ग्रॅम पानांचा चुरा, दुसरीत तितकेच कोऱ्या कागदाचे कपटे, तिसरीत नुसती माती. हे कपटे महत्त्वाचे: सुका पाला कुजताना नत्र ओढतो, रोपं पिवळी पडतात आणि आळ विषावर येतो; कागदही तसाच नत्र ओढतो, पण त्यात झाडाचं विष नसतं. तिन्हींत मेथी पेरा.

फक्त पानांच्या कुंडीतली मेथी खुजी राहिली, तर पाला दर आठवड्याला झाडून काढा आणि बी न पेरता वाढलेली रोपं लावा. तिन्ही सारख्या आल्या, तर वाफा वीतभर खणा: मुळांचं जाळं लागलं तर तिथे पाण्याचीच ओढ आहे.