चित्रकाराचा पहिला व्हिडिओ गेम : सात खोल्यांत गंगेचा पूर

नाशिकच्या चित्रकाराला गोदाघाट, म्हणजे नाशिककर जिला गंगा म्हणतात त्या गोदावरीचा घाट, नवा नसतो. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी रंगवलेला हा परिसर इथले कलाविद्यार्थी आजही रेखाटतात. अशा चित्रकाराला छोटा गेम करावासा वाटला, की आपली खरी अडचण प्रोग्रामिंगची आहे, असे तो गृहीत धरतो. माझ्या मते अडचण निराळी असते. चित्रात एक क्षण धरून ठेवायचा असतो, तर गेममध्ये खेळणाऱ्याच्या कृतीने चित्र बदलायचे असते. म्हणून पहिल्या गेमसाठी असे दृश्य निवडावे, ज्यात काहीतरी बदलते आणि तो बदल पाहूनच माणसे पुढचा निर्णय घेतात.

असे एक दृश्य आपल्याकडे तयार आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या कुठपर्यंत आले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात आणि घाटावरचे दुकानदार सामान हलवू लागतात. यात गेमला लागणारे सर्व काही आहे : एक जागा, एक कृती, अपुरा वेळ आणि तो वेळ दाखवणारी मूर्ती. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ किंवा आकडे दाखवण्याची गरजच उरत नाही. सिंहस्थाच्या शेकडो पात्रांचा, आखाड्यांच्या मिरवणुकांचा भव्य गेम करण्याचा मोह या दिवसांत कोणालाही होईल. तो पहिल्या खेपेस आवरावा, कारण असे काम वर्षानुवर्षे अपुरे राहते.

पहिल्या गेमसाठी बिटसी हे साधन पुरेसे आहे. ते मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालते आणि नेहमीच्या वापरात कोड लिहावा लागत नाही. त्यातील प्रत्येक दृश्याला खोली म्हणतात. खोली 16 × 16 चौकटींची, प्रत्येक चौकट 8 × 8 पिक्सेलची, म्हणजे संपूर्ण चित्र 128 × 128 पिक्सेलचे असते. प्रत्येक खोलीच्या रंगपटात मुख्यतः तीन रंग मिळतात : पार्श्वभूमीचा, चौकटींचा आणि पात्रांचा. जलरंगात काम करणाऱ्याला ही मर्यादा सुरुवातीला जाचक वाटते. पण रंग कमी असल्यामुळेच छायाकृती आणि मोकळी जागा यांचा विचार करणे भाग पडते, आणि तो विचार चित्रकाराला कोणाही प्रोग्रामरपेक्षा चांगला जमतो.

आता गेमची रचना पाहू. घाटावरच्या एका दुकानात तीन वस्तू आहेत : भांड्यांची पाटी, वजनकाटा आणि उधारीची वही. पूर चढण्याआधी दोनच वस्तू वर नेता येतात. पहिल्या खोलीत तिन्ही वस्तू दिसतात आणि पाणी मारुतीच्या पावलांशी असते. जी वस्तू उचलावी, तिच्यानुसार खेळणारा पुढच्या तीन खोल्यांपैकी एकीत पोहोचतो. तिथे उरलेल्या दोनच वस्तू असतात आणि पाणी कमरेला लागलेले असते. दुसरी वस्तू उचलली, की शेवटची खोली येते, जिथे पाणी गळ्याशी आहे आणि वाचलेल्या दोन वस्तू वरच्या पायरीवर ठेवलेल्या आहेत. आधी पाटी आणि मग वही उचलली काय किंवा उलट केले काय, शेवट एकच असल्यामुळे अखेरच्या खोल्याही तीनच लागतात. म्हणजे एकूण खोल्या सात. पहिल्या खोलीतून तीन आणि मधल्या तिन्हींतून प्रत्येकी दोन, असे नऊ दरवाजे.

वस्तू उचलण्यासाठी कोणतेही सूत्र लिहायचे नाही. वस्तू साधी चौकट म्हणून काढावी, ती भिंत म्हणून नोंदवू नये आणि नेमका त्याच चौकटीवर पुढच्या खोलीत नेणारा एकमार्गी दरवाजा ठेवावा. पात्राचे पाऊल वस्तूवर पडताच दृश्य बदलते आणि खेळणाऱ्याला वस्तू उचलल्यासारखे वाटते. पाण्याच्या चौकटी मात्र भिंत म्हणून नोंदवाव्यात. त्यामुळे पूर वाढेल तसतशी चालायला उरलेली जागा आपोआप आक्रसते. मारुती चार चौकटी रुंद आणि आठ चौकटी उंच ठेवावा, म्हणजे पावले, कंबर आणि गळा या तिन्ही पातळ्या स्पष्ट ओळखू येतात. प्रत्येक चौकटीला दोन फ्रेमचे ॲनिमेशन देता येते. पाण्याला ते द्यावे, मूर्तीला देऊ नये. सगळेच हलू लागले, तर कशाकडे पाहायचे, हे कळेनासे होते. खोलीगणिक रंगपट बदलता येत असल्यामुळे हिरवट पाणी शेवटाकडे गढूळ, तांबूस करत न्यावे.

हे सारे आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने आखावे. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधील पुरांची छायाचित्रे समोर ठेवावीत, पण त्याहून अधिक उपयोग कोरड्या दिवसांत घाटावर जाऊन केलेल्या रेखाटनांचा होतो, कारण पायऱ्यांचे टप्पे आणि मूर्तीची प्रमाणे तिथेच उमगतात. 8 × 8 पिक्सेलमध्ये माणसाचा चेहरा मावत नाही, म्हणून तो काढूच नये. पोत्याची खोळ पांघरलेला माणूस काढावा. खोळीचा त्रिकोण आणि खाली आलटून पालटून हलणारे दोन पाय एवढ्यावर तो ओळखू येतो.

मराठी मजकुराचा प्रश्न इथे लगेच उभा राहतो. बिटसीच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नीट उमटत नाही. मात्रा आणि जोडाक्षरे तर जुळतच नाहीत. त्यामुळे हा गेम शब्दांविना करावा, शीर्षकाची जागा रिकामी ठेवावी आणि दुकानाच्या नामफलकावर काही लिहायचेच असेल, तर ती अक्षरे चित्र म्हणून काढावीत. वेलांटी आणि उकार यांना आठ पिक्सेलची उंची अपुरी पडते, म्हणून अक्षरांसाठी चौकटींच्या दोन ओळी राखाव्यात.

बिटसी काम ब्राउझरच्या साठ्यात जपते आणि ब्राउझर साफ केल्यास ते नाहीसे होऊ शकते. दररोज काम संपताना गेमची एचटीएमएल फाइल उतरवून घ्यावी आणि जुन्या प्रतीही ठेवाव्यात.

चाचणीला मात्र भरपूर वेळ द्यावा. गेम न खेळणाऱ्या एखाद्या परिचिताच्या, शक्य असल्यास भांडीबाजारातल्या एखाद्या दुकानदाराच्या हातात मोबाईल द्यावा आणि आपण गप्प बसावे. काय करायचे, हे सांगण्याचा मोह अनावर होतो, पण जे तोंडाने सांगावे लागते, ते चित्रात कमी पडलेले असते. तो माणूस वस्तूंकडे न जाता पाण्याकडेच चालू लागला, तर वस्तू उठून दिसत नाहीत, असे समजावे. पाणी वाढल्याचे त्याच्या लक्षात आले नाही, तर दोन खोल्यांतील पातळीचा फरक वाढवावा. आणि वहीच वाचवावी ही तुमची भावना त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, त्याने निमूटपणे वजनकाटाच उचलला, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही; निवड त्याची आहे.

तयार गेम इच.आयओ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवता येतो. फाइल चढवताना ती ब्राउझरमध्ये खेळली जाईल, हा पर्याय निवडावा, म्हणजे दुवा पाठवताच कोणीही तो उघडू शकतो. गुगल प्लेवर खाते उघडण्यासाठी एकदाच 25 डॉलर, तर स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरावे लागतात. पहिल्या गेमसाठी हा खर्च करू नये.

अधिक रंग, हवे तसे आवाज आणि मराठी संवाद हवे असतील, तर दुसरा गेम गोडो या गेम बनवण्याच्या मोफत, मुक्तस्रोत इंजिनात करावा. 2023 मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. मुक्त परवान्याचा 'मुक्ता' हा देवनागरी फाँट त्यात वापरता येतो. इथे थोडा कोड शिकावा लागतो. पिक्सेलचित्रे धूसर दिसू लागली, तर प्रकल्पाच्या मांडणीत टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट' करावा आणि चित्र दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींतच मोठे करावे. हाताने रंगवलेली चित्रे वापरायची असतील, तर ए-फोर कागद 300 डीपीआयने स्कॅन केल्यावर सुमारे 2480 × 3508 पिक्सेलचा होतो, हे ध्यानात ठेवून क्रिटा या मोफत चित्रकला-सॉफ्टवेअरमध्ये तो गरजेपुरता लहान करावा, हलणाऱ्या वस्तू वेगळ्या थरांवर कापून घ्याव्यात आणि फाइलींची नावे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता द्यावीत.