लॅपटॉपवर घरचे इंटरनेट चालत नसेल तर

घरातील ब्रॉडबँड लॅपटॉपवर चालेनासे झाले की घाईने सेटिंग बदलण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: बिघाड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे, की राउटरच्या पलीकडे. त्यासाठी मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वायफायला जोडावा. डेटा बंद करायचे अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि सगळा निष्कर्ष चुकतो.

फोनवरही काहीच उघडत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नये. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशसंकेतच पोहोचत नाही आणि तक्रार कंपनीकडेच नोंदवावी लागते. आपण फक्त बारीक केबल कुठे दुमडली किंवा दारात चेपली नाही ना, एवढे पाहावे; तिचे टोक काढून त्यात डोकावू नये, कारण त्यातील लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. अशा वेळी घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असला तरी इमारतीतील किंवा गल्लीतील केबलवाल्याचा ‘स्विच’ (घराघरांत जोडणी वाटणारा डबा) बंद असू शकतो. प्लॅनची मुदत संपली आहे का, हेही पाहून घ्यावे.

फोन चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, तेव्हा खरे काम सुरू होते. विमान मोड बंद आहे याची खात्री करावी. वायफायचे नावच यादीत दिसत नसेल, तर लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन पाहावा. पेठांतील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत फार लवकर क्षीण होतो, २.४ चा त्यामानाने पुढे जातो. शिवाय काही जुन्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्‌झ दिसतच नाही. राउटरचा पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉपमध्ये साठवलेले जुने नेटवर्क काढून टाकून नव्याने जोडावे.

वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट नाही, हा प्रकार सर्वांत गोंधळात टाकणारा असतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी. तेथे दिसणारा आयपी पत्ता (नेटवर्कमधला लॅपटॉपचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून लॅपटॉपला पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी आयपी पत्ता ‘ऑटोमॅटिक’ वर आहे का ते तपासावे आणि राउटर बंद करून थोड्या वेळाने सुरू करावा. पत्ता ठीक दिसत असेल, तर आधी ‘डिफॉल्ट गेटवे’समोरच्या आकड्याला (म्हणजे राउटरला), मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला ‘पिंग’ (ping) करावे, म्हणजे तिकडून उत्तर येते का ते पाहावे. आकड्याला उत्तर येते आणि नाव मात्र सापडत नाही, असे झाल्यास दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा असतो व डीएनएसच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहता येते.

हिंजवडी-खराडीतील कंपन्यांचा लॅपटॉप घरी वापरणाऱ्यांनी व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) आणि प्रॉक्सी (इंटरनेटची ये-जा ज्यातून होते तो मधला सर्व्हर) आधी तपासावे. त्यातील अडकलेली जोडणी हुबेहूब ब्रॉडबँड बंद पडल्यासारखी भासते. मात्र कार्यालयाच्या लॅपटॉपवरील सेटिंग त्यांच्या आयटी विभागाला विचारूनच बदलावी.

माझ्या मते प्रत्येक घरात एक लॅन केबल असावीच. राउटरला ती जोडल्यावर लॅपटॉप चालला, तर दोष वायफायच्या कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा राउटरच्या वायफायमध्ये आहे. फोन त्याच वायफायवर चालत असल्याने संशय लॅपटॉपवरच येतो आणि ड्रायव्हर पुन्हा बसवून पाहणे हा पुढचा उपाय ठरतो.

राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो मूळ स्थितीत आणणे मात्र टाळावे. अनेक जोडण्यांत कंपनीचे लॉगिन त्यातच साठवलेले असते आणि ते पुसले गेले की लॅपटॉपसोबत घरातील सगळीच उपकरणे तंत्रज्ञ येईपर्यंत बंद पडतात.