ट्रान्सप्लांट करून घरी आलात? आता आतल्या व्हायरसवर नजर ठेवा

दादाच्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटला डोनर मीच होते. डिस्चार्ज मिळाला आणि परळच्या भाड्याच्या खोलीत आमचं सगळं लक्ष बाहेरून येणाऱ्या इन्फेक्शनवर, म्हणजे लादी पुसा, पाणी उकळा, पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावा. ते करायचंच, पण हर्पीस जातीचे व्हायरस बाहेरून यावे लागत नाहीत हो, ते आधीच आत बसलेले असतात. लहानपणी कांजण्या झाल्या, बऱ्या झाल्या, व्हायरस मात्र मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो, आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पीसच्याच जातीचा) तर आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतोच. ट्रान्सप्लांटमध्ये जुनी इम्युनिटी पुसली जाते, वर टॅक्रोलिमस नाहीतर स्टेरॉइड ही इम्युनिटी दाबणारी औषधं, मग काय, यांना रान मोकळं.

पहिलं काम, एक दोनशे पानी वही आणा. तारखेशेजारी डे झिरोपासूनचा, म्हणजे नव्या पेशी चढवल्या त्या दिवसापासूनचा, दिवस लिहायचा, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतात. मग ताप, जुलाब किती वेळा, तोंडात फोड आहेत का, कुठल्या गोळ्या घेतल्या.

गोळ्यांत असायक्लोव्हिर, म्हणजे हर्पीस आणि नागीण रोखणारी गोळी, सगळ्यात दुर्लक्षित. फोड नाहीत मग कशाला खायची? अहो, गोळी चालू आहे म्हणून फोड नाहीत! दुसऱ्याच्या पेशी घेतल्या असतील तर साधारण निदान वर्षभर चालते, इम्युनिटी दाबायची औषधं चालू असतील तर त्याहून जास्त, बंद कधी करायची ते डॉक्टर सांगतील. किडनीला त्रास नको म्हणून पाणी भरपूर प्यायचं. सीएमव्हीसाठी लेटरमोव्हिर चालू असलं तरी असायक्लोव्हिर सोडायचं नाही, लेटरमोव्हिर नागिणीच्या (म्हणजे त्याच कांजण्यांच्या) व्हायरसवर चालत नाही.

आम्ही इथेच माती खाल्ली. गोळ्या संपल्या, पुढच्या फेरीत आणू म्हणत अकरा दिवस गेले. एका रात्री दादा म्हणाला बरगडीखाली पट्ट्यासारखं जळतंय, कातडी अगदी साफ, वहिनीला वाटलं अ‍ॅसिडिटी, तिने थंड दूध दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेच, फक्त उजव्या बाजूला, पाणी भरलेले बारीक फोड. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे, दोन तोंडं जुळायच्या आत गेरू लावा. गेरूबिरू काही लावू नका, फोनवर फोटो काढून ताबडतोब ट्रान्सप्लांट टीमला पाठवा, औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. डोळ्याजवळ फोड आले किंवा अंगभर पसरायला लागले तर फोटोच्या भानगडीत न पडता सरळ निघा.

सीएमव्हीचं वेगळं, तो दिसत नाही, म्हणून पीसीआर, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते मोजणारी तपासणी. साधारण १०० व्या दिवसापर्यंत दर आठवड्याला, स्टेरॉइड चालू असेल तर पुढेही. लॅब बदलू नका, एक लॅब प्लाझ्मावर करते, दुसरी अख्ख्या रक्तावर, आकडे जुळत नाहीत. ‘डिटेक्टेड’ वाचून हातपाय गाळू नका, आकडा चढतोय का ते महत्त्वाचं. चढला तर गॅनसायक्लोव्हिरचं इंजेक्शन नाहीतर व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या, दोन्हींनी रक्तपेशींचे काउंट पडतात, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) चुकवायची नाही. गोळी मोठी असते, वहिनी सुरीने अर्धी करायला निघाली होती! ती तोडायची किंवा कुटायची नाही, तिची भुकटी बाकीच्यांनाही बरी नाही.

जुलाब लागले तर घरच्या घरी थांबवायची गोळी नको, ते जीव्हीएचडी (डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात तो आजार) आहे की आतड्यातला सीएमव्ही हे वरून सारखंच दिसतं, बऱ्याचदा दुर्बिणीने तुकडा काढून बघावं लागतं. दम लागला, नजर धूसर झाली तरी लगेच कळवायचं. पहिल्या दीड महिन्यात माणूस बरळायला लागला, सकाळी काय खाल्लं ते आठवेना, तर थकवा म्हणून सोडू नका, एचएचव्ही-६ हा हर्पीसच्याच जातीचा आणखी एक व्हायरस मेंदूत गेलेला असू शकतो. मानेत गाठी आणि ताप, तर ईबीव्ही (एपस्टीन-बार, तोही याच जातीचा व्हायरस) बघतात. ताप १००.४ ला गेला की क्रोसिन देण्याआधी फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि गणपतीच्या आठवड्यात सॅम्पल न्यायला माणूस येणार का ते आधीच विचारून ठेवा. विसर्जनाच्या दिवशी लालबाग-परळमधून एक जांभळ्या टोपणाची ट्यूब बाहेर काढायची म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, आम्ही सकाळी साडेसहालाच रक्त देऊन मोकळे झालो.