मृगाआधीची तयारी: घराभोवती खारी असतील तर

कवेलू फेरायला माणूस सांगून ठेवला असेल, तर त्याच दिवशी खारीचंही काम उरकून घ्या. वर्षातून एकदाच छपराला हात लागतो आणि खारीची घरटी सापडतात तीही तेव्हाच. आड्याखाली, वाशाच्या सांध्यात, कापूस, सुतळी आणि जुन्या गादीच्या चिंध्यांचा गोळा करून ती बसलेली असते. एकदा पेरणी-रोवणीची धांदल लागली की दिवाळीपर्यंत तिकडे कोणी पाहत नाही, आणि तापाचे दिवस नेमके त्याच मधल्या काळातले.

वर चढण्याआधी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क (नसेल तर दुपट्टा दोन पदरी करून), एक जाड पिशवी आणि एक स्वच्छ फवाऱ्याची बाटली जमवा. शेतातला फवारणीचा पंप यासाठी काढू नका. 2017 साली यवतमाळात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले ते आपण विसरलेलो नाही, त्या पंपात कशाचा अंश राहिला असेल सांगता येत नाही. घरट्याला आणि लेंड्यांना कोरडा झाडू लावायचा नाही. धूळ उडते आणि नाकात जाते. बाजारात मिळणारा पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रण मारून 5 मिनिटं भिजू द्या, मग चिंधीनं उचलून पिशवीत घाला आणि पुरून टाका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू सुटतो. घरटं छपरावरच पेटवून देणारे महाभागही आहेत, त्यांना शिडी देऊ नका.

काम झालं की अंघोळ, आणि कपडे गरम पाण्यात. घरटं मोडलं की त्यातल्या पिसवा आणि माइट (कोळ्याच्या जातीचे अगदी बारीक किडे) उपाशी पडतात आणि खाली झोपलेल्या माणसाकडे वळतात. म्हणून त्या रात्री त्याच खोलीत खाली अंथरूण टाकू नये.

घरट्यात डोळे न उघडलेली पिल्लं दिसली तर मात्र ते कवेलू परत ठेवा आणि तेवढा कोपरा काही आठवडे सोडून द्या. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या खारीला एका वेळी साधारण दोन-तीन पिल्लं होतात. भोक बुजवून आईला बाहेर ठेवलं तर ती दुसरीकडून कुरतडून येते. नाही आली तर पिल्लं आत मरतात आणि मग वास, माश्या, मुंग्या. पिल्लं निघून गेल्यावर भोकाला लोखंडी जाळी लावून सिमेंट भरा. प्लॅस्टिक आणि चिंध्या ती एका दुपारीत फाडते.

आता भीतीचं बोलू. मोबाईलवर खार आणि रोग असं शोधलं की प्लेगपासून सगळं समोर येतं. त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या जमिनीत बिळं करणाऱ्या खारींबद्दल असतं. तिथल्या पश्चिम भागात त्यांच्या पिसवांमधून प्लेग आजही अधूनमधून माणसापर्यंत येतो. आपल्या अंगणातली, रामानं पाठीवरून बोटं फिरवली म्हणतो ती खार वेगळी, झाडावरची. तिच्यासाठी तिकडची घबराट आयात करायची गरज नाही.

रेबीजचंही तसंच. खार चावली की आई-बाप घाबरून मुलाला घेऊन शहर गाठतात, आणि त्याच घरात कुत्र्याच्या पिल्लाचा ओरखडा महिनाभर कोणी दाखवत नाही. देशाच्या रेबीज मार्गदर्शक सूचनांनुसार उंदीर, खार, ससा यांच्या चाव्यासाठी रेबीजची लस क्वचितच लागते. कुत्रा, मांजर, माकड यांच्या बाबतीत ती लागते, ओरखडा असला तरी. तरीही खार झोकांड्या खात असेल, काही न करता अंगावर आली असेल, तर निर्णय डॉक्टरवर सोडा. चावा बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो: खाली पडलेलं पिल्लू मुलं उचलतात, मांजरीच्या तोंडातून कोणी सोडवायला जातं, नाहीतर उंदराच्या पिंजऱ्यात सापडलेली खार हातानं काढली जाते. पिंजरा जमिनीवर ठेवून लांब काठीनं उघडा, आणि मुलांना पिल्लं पाळायला देऊच नका.

चाव्यासाठी घरात साबणाची वडी, पोव्हिडोन आयोडीन आणि स्वच्छ कापड एका डब्यात ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची. हात दुखेपर्यंत वाटतं, पण तेवढं लागतंच. चुना, तिखट, हळद काहीही भरायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल, तर उपकेंद्रात जाऊन टीडी घ्या.

खरी तयारी करायची ती स्क्रब टायफसची. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. हा रोग खार चावून होत नाही. गवत-झुडपांत राहणाऱ्या एका माइटची अळी माणसाला चावते तेव्हा होतो. ती इतकी बारीक की दिसत नाही, चावल्याचं कळतही नाही. उंदीर, घुशी, चिचुंद्र्या आणि खारी यांच्या अंगावरून ती अंगणापर्यंत पोचते. पहिल्या पावसात मुलं काडीपेटीत गोळा करतात तो लाल मखमली मृगाचा किडा तिचा लांबचा नातेवाईक, पण त्या बिचाऱ्यापासून काही होत नाही. त्याला मारू नका.

म्हणून सांदवाडीतलं गवत पाऊस पडायच्या आधी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास पुन्हा कापा. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे ढीग घराच्या भिंतीला टेकवू नका. दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून वर रचा. कुटाराची जागा झोपायच्या खोलीपासून दूर हवी. धुतलेले कपडे कुंपणाच्या झुडपावर वाळत घालायची सवय मोडा, दोरी बांधा. निंदणाहून आल्यावर अंघोळ करून कपडे बदला, जेवायला त्याच कपड्यांत बसू नका.

चावल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंग मोडून येणं सुरू होतं. अशा वेळी घरच्या माणसानं अंग पाहायचं: काख, जांघ, कमरेला नाडी बांधतो ती जागा, बायांमध्ये छातीखाली. बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसेल. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतः सांगत नाही, आणि म्हाताऱ्या सासूबाई तर लाजेनं दाखवत नाहीत. त्यांचं अंग सुनेनं किंवा मुलीनंच पाहावं. खपली सगळ्यांनाच येते असंही नाही. दिसो न दिसो, "गवतात काम केलं, घरात उंदीर-खारी आहेत" हे वाक्य डॉक्टरला सांगाच. डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन वेळेवर मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गावातल्या गावात सलाईन लावून आठवडा काढला, तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांच्यापर्यंत जातं. पेनिसिलीनच्या जातीची औषधं यावर चालत नाहीत, त्यामुळे मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

पोटऱ्या ठणकत असतील आणि डोळे लाल झाले असतील तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायची. तो उंदीर आणि जनावरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांमधून येतो. खारीचा वाटा त्यात थोडा. धानाच्या बांधीत उतरणाऱ्यांनी भेगांवर पट्टी बांधावी, जमले तर गमबूट घालावेत.

पाण्याचं सोपं आहे. माठ-रांजणावर घट्ट झाकण, आणि ओगराळं आत बुडवून ठेवायचं नाही. वाळवणावर मच्छरदाणीचं कापड टाका, कुरडया-सरगुंड्यांवर लेंड्या पडल्या तर तेवढा भाग फेकून द्या. खारीनं अर्धा खाल्लेला जांब गोड असतो हे खरं, पण तो मुलांना देऊ नका.

वायर एकदा तपासून घ्या. मीटरपासून पंख्यापर्यंतचं रबर खार कुरतडते, आणि ओल्या भिंतीत उघडी तार म्हणजे झटका. गावातल्या वायरमनकडून उघड्या तारा पाइपात घालून घ्या आणि ईएलसीबी (झटका बसताच वीज आपोआप तोडणारं बटण) बसवा.

खारीसाठी विष टाकू नका. उंदरांसाठी आणलेल्या झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही, आणि ते आधी पोटात जातं कोंबडीच्या किंवा रांगत्या पोराच्या. घरात पुडी उरली असेल तर ती धान्याच्या ढोलीजवळून, स्वयंपाकघरातून काढून कुलपात ठेवा.

शेवटी दाराच्या मागे एक कागद चिकटवा. त्यावर 108, आरोग्याच्या सल्ल्यासाठी 104, आशाताईचा नंबर, आणि रात्री गाडी देणाऱ्या शेजाऱ्याचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस शिल्लक असते का आणि नसली तर कुठे पाठवतात, हे पुढच्या बाजाराच्या दिवशी जाता जाता विचारून त्याच कागदावर लिहून ठेवा.